आधी शेवट गाठा, मग खोडा

दोस्तांनो, कादंबरी लिहिताना मागचं पान दुरुस्त करत बसायचं की आधी शेवट गाठायचा, हा नीतीचा प्रश्न आहे असं मी मानतो. कारण पहिल्याच खर्ड्यात आपला हात धरून जो खोडायला लावतो, तो बहुतेक वेळा आपला नसतो. शाळेतून, पुस्तकातून तो डोक्यात येऊन बसलेला असतो. शुद्ध काय नि अशुद्ध काय, तोच ठरवतो.

आमच्या लिंबागणेशची ऊसतोडीला जाणारी बाई म्हणते, 'उचल फिटली न्हाई.' या तीन शब्दांत मुकादम आहे, कोयता आहे, पुढल्या सालाची बांधिलकी आहे. त्या जागी 'आगाऊ रक्कम परत झाली नाही' लिहिलं की भाषा धुतली जाते आणि मुकादम सुटतो. पंधरा पानांवर अशी धुलाई चालली की सोळावं पान येतच नाही. मी गिरणीत रात्रपाळी करतो. लिहायला तासभर मिळतो. तो तास त्या बाईचा आहे. तिचं अर्धंच सांगून थांबायचा हक्क मला कुणी दिला?

1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला बाबासाहेबांच्या भाषणातला मजकूर बदलून हवा होता. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलला नाही. परिषद बारगळली, भाषण त्यांनी स्वतः छापलं. पण 1937 च्या आवृत्तीत गांधींची टीका आणि आपलं उत्तर त्यांनीच जोडलं. म्हणजे दुरुस्ती वर्ज्य नाही. ती कुणी करायची, केव्हा करायची, एवढाच सवाल आहे.

5 डिसेंबर 1956 च्या रात्री त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'ची प्रस्तावना तपासायला जवळ मागवून घेतली. ग्रंथ लिहून झाला होता, म्हणून 1957 साली तो लोकांच्या हाती पडला. 'क्रांती आणि प्रतिक्रांती' मात्र अपुरं राहिलं. हाती लागली तेवढी प्रकरणं शासनानं 1987 साली छापली. बाबासाहेबांमागं चळवळ होती, आजारपण होतं. आपल्यामागं काय आहे, ते ज्यानं त्यानं बघावं.

आणि खर्डा पुरा झाला, आता कच्चाच छापा, आमचं दुःख खरं आहे, असं म्हणणारेही आपल्यात आहेत. दुःख खरं असलं म्हणून पान खरं होत नाही. तेव्हा मग खोडा, हात राखू नका. जिचं सांगणं लिहिलंय तिला आधी वाचून दाखवा. ती म्हणाली, 'आसं नव्हतं बाबा,' तर ती ओळ कितीही आवडती असो, पाडा.