‘दादा बघेल ना!’

बौद्धिक दिव्यांग मुलाच्या आईवडिलांनी साठी ओलांडली की कुणीतरी विचारतंच, ‘तुमच्यानंतर याचं काय?’ उत्तर ठरलेलं असतं, ‘दादा बघेल ना!’ विषय पुढे नेला तर भरल्या घरात अभद्र बोलू नये म्हणून गप्प केलं जातं. दादाला मात्र कुणी विचारलेलं नसतं. वहिनीला तर नाहीच. आंघोळ, औषधं, रात्रीचं उठणं तिच्याच वाट्याला येणार असलं तरी. कित्येक घरांत ‘तो भावाला सांभाळणार आहे’ या बोलीवर बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतात. काही वर्षांनी जमीन दादाकडे असते आणि भाऊ बहिणीकडे.

जुन्या धर्मशास्त्राने अशा वारसाला वाटा नाकारून अन्नवस्त्रावर ठेवलं होतं. 1928 च्या कायद्याने इतर व्यंगांची आडकाठी काढली, पण जन्मापासून बुद्धीने अधू असलेल्यांना तेव्हाही वगळलंच. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने, कलम 28 मध्ये, तेही बंद केलं. म्हणजे वाटा मिळाला. पण तो वापरणार कोण? मुलाच्या नावावर फ्लॅट केला म्हणून निर्धास्त झालेल्या बापाने एवढा विचार करावा, की भाडेकराराच्या कागदावर उद्या सही कुणाची होणार आहे.

यावर साधन आहे आणि ते जुनं आहे. 1882 च्या न्यास कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेचा खाजगी ट्रस्ट नोंदणीकृत दस्ताने करता येतो किंवा इच्छापत्राने. आज थोड्या रकमेवर ट्रस्ट सुरू करावा आणि आपल्या पश्चात घर, मुदतठेवी त्यात जाव्यात असं इच्छापत्रात लिहावं. हयात असेपर्यंत घर आपलंच राहतं, इच्छापत्र केव्हाही बदलता येतं. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणीची सक्ती नाही.

विश्वस्त निवडताना मात्र आपल्याकडे हमखास एक चूक होते. मुलाचा खर्च करणारा विश्वस्त दादाच, आणि मुलाच्या पश्चात उरलेलं धनही दादाचंच! दादा देवमाणूस असेल. पण मुलावर न खर्चलेला प्रत्येक रुपया ज्याच्या घरात येणार, त्याच्याच हाती चेकबुक देणं हा त्याच्यावरही अन्यायच. उद्या पैसे खरोखर संपले तरी लोक संशय घेतील. विश्वस्त दोन-तीन असावेत, त्यांत एखादा नात्याबाहेरचा असावा आणि उरलेलं कुणाकडे जाईल हे वेगळं ठरवावं. दादाला, बहिणीला द्यायचं ते आजच, उघडपणे, वेगळं द्यावं. जो प्रत्यक्ष सांभाळेल त्याला, तिला, दरमहा मोबदला मिळेल असं ट्रस्टच्या दस्तात लिहावं. मायेची किंमत करता का, असं विचारणारे भेटतील. ते बहुधा सांभाळणारे नसतात.

‘सोसायटीत नॉमिनेशन केलंय’ या भरवशावरही राहू नये. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. आणि जे अजून आपलं नाही ते ट्रस्टला देता येत नाही. काका आपल्याला ठेवतील ती बाग, वडिलांकडून पुढेमागे मिळेल तो वाडा, ही नुसती आशा; मालमत्ता हस्तांतरण कायदा तिचं हस्तांतरण होऊ देत नाही. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी वारसनोंद आणि फेरफार.

पैशांची सोय म्हणजे पालकत्व नव्हे, हेही पुष्कळांच्या ध्यानात नसतं. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने सज्ञान होतं आणि आईबापांचं नैसर्गिक पालकत्व संपतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यातली स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक व बहुविध दिव्यांगता यांसाठी ही सोय आहे. तिथला अर्ज आपण धडधाकट असताना करायचा.

एक कागद मात्र कुठल्याच कार्यालयात मागत नाहीत. आईने तो वहीच्या पानावर लिहून दस्तांसोबत ठेवावा: फिट आली तर काय करायचं, गोळी कशात कालवली की घेतो, केस कापताना कुणाचा हात धरतो, आणि विसर्जनाला ढोल वाजायला लागले की मागच्या खोलीत त्याच्याजवळ कुणी बसायचं.