बोट सुटण्याआधी

चूक नेमकी कधी घडते? नुकसान होतं त्या क्षणी, की त्याच्या कितीतरी आधी, कुणाचं लक्ष नसतं तेव्हा? पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला हा प्रश्न पुस्तकात भेटतो. मला तो देवगडच्या बंदरात भेटला, डिझेलच्या आणि सुक्या मासळीच्या वासात, आणि अजून त्यानं माझा पिच्छा सोडलेला नाही.

माझे काका ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचे. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर धक्क्यावर जायचो आणि बोट सुटायच्या आधी ते इंजिनाच्या खोलीत उतरले की टॉर्च धरायचं काम माझ्याकडं असायचं. खोली कसली, बिळच ते. वाकून उतरायचं आणि वाकूनच उभं राहायचं. काका म्हणायचे, "मशीन सुरू झाला काय बोलूक लागता. तेच्या आदी तेका आपणच इचारूक व्हया."

त्यांचं विचारणं ठरलेल्या क्रमानं चालायचं. आधी ऑइलची पट्टी. ती काढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा घालून काढायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे आणि त्याचा रंग बघायला पाहिजे. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, बोट सोडायची नाही. मग डिझेलचा फिल्टर. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, म्हणून खालचा नळ सैल करून वाटीभर काढून टाकायचं. पावसाळ्यात बोटी वर काढलेल्या असतात, टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होऊन भिंतींवरून उतरतं. पहिल्या फेरीला हे हमखास बघायचं. मग पट्टा. अंगठ्यानं दाबला की बोटाच्या पेराएवढा दबला पाहिजे, जास्त नाही. मग बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी. मग समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक उघडा आहे का. मग बोटीच्या तळात पाणी किती साठलंय. शाफ्ट बाहेर जातो तिथं ग्लॅन्डमधून थेंब थेंब गळायलाच हवं. अगदी कोरडं आवळलं तर शाफ्ट तापून घासतो. शेवटी गिअर न्यूट्रलला आहे ना हे बघून इंजिन सुरू करायचं, ऑइलच्या काट्याकडं नजर टाकायची आणि लगेच वर येऊन बोटीच्या बाजूच्या नळीतून पाणी बाहेर पडतंय का ते बघायचं. पडत नसेल तर तिथल्या तिथं इंजिन बंद.

सगळं मिळून वीस मिनिटं. या वीस मिनिटांचे पैसे कुणी देत नाही आणि त्यांचं फळ डोळ्यांना दिसत नाही. उत्तम देखभालीचा परिणाम एकच, तो म्हणजे काहीच न होणं.

इंजिनाच्या झिजणाऱ्या भागांचेही स्वभाव असतात. काहींची झीज उघड दिसते. बोटीच्या खालच्या अंगाला, पंख्याजवळ, जस्ताचे तुकडे बसवलेले असतात. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जवळ आले की त्यांच्यात वीज खेळते आणि त्यातला दुबळा धातू विरघळतो. जस्त दुबळं, म्हणून ते स्वतः झिजतं आणि पंखा वाचतो. ही युक्ती जुनी आहे. 1824 साली हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञानं ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरचा तांब्याचा पत्रा अशाच रीतीनं वाचवून दाखवला. गंमत अशी, की तांबं विरघळायचं थांबलं आणि त्या तांब्यामुळं मरणारे शिंपले नि शेवाळ जहाजांना खुशाल चिकटू लागले, म्हणून आरमाराला ते सोडून द्यावं लागलं. पुढं लोखंडी जहाजांना तीच युक्ती कामी आली. बोट वर काढली की हे जस्त कुरतडलेल्या खडीसाखरेसारखं दिसतं. बदलायला झालंय हे शेंबड्या पोरालाही कळतं.

इंपेलरचं तसं नाही. समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपात तो बसतो. हाताच्या पंजात मावेल एवढं रबराचं चाक, त्याला लवचीक पाती. पाणी हेच त्याचं वंगण. कोरडा फिरला तर बघता बघता जळतो. आणि तो असतो झाकणाआड. स्क्रू काढून झाकण उघडल्याशिवाय पात्याच्या मुळाशी तडा गेलाय हे कळायला मार्ग नाही. जिथं कुणी बघत नाही तिथं आपण काय करतो, हा माणसाच्या परीक्षेचा प्रश्न म्हणतात ना, तो या झाकणाआड असतो.

एका मेमध्ये काकांनी झाकण उघडलं. दोन पात्यांना तडे होते. त्यांनी ते मालकाला दाखवलं आणि नवा मागितला. मालक दुसऱ्या बोटीवरून काढून ठेवलेला जुना घेऊन आला. तोही कडक झालेला, पाती एका बाजूला वाकून बसलेली. "चालता मा? मगे नवो कित्याक?" मालक म्हणाला. काकांनी तो बसवला आणि बोट गेली.

दुसऱ्या रात्री पंधरा-वीस वाव पाण्यात इंजिन तापलं. पाती तुटून पंपात गोळा झाली होती. इंजिन चालवलं तर जाम होणार, बंद ठेवलं तर बोट वाहणार. तांडेलानं नांगर टाकला आणि नांगरानं तळ धरला. मोबाइल नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी ओळखीच्या एका बोटीनं दोर टाकून त्यांना ओढत आणलं. तोवर घरी चूल पेटली नव्हती. काकी दर तासाला धक्क्यावर जाऊन यायची.

सगळे सुखरूप आले. धक्क्यावर मालक म्हणाला, "काय झाला? सगळे इले मा घराक?"

काकांनी एवढंच विचारलं, "मालक, तुमचो झील ह्या बोटीर असतो, तर ह्यो पार्ट चल्लो असतो तुमका?"

मालक गप्प राहिला. तो दुष्ट नव्हता हे इथं सांगायला हवं. बोट कर्जावर होती, हंगाम वाईट गेला होता, डिझेल आणि बर्फाची उधारी डोक्यावर होती. नवा इंपेलर म्हणजे काही शे रुपये, पण टंचाईत माणूस शे-दोनशेवरही अडतो. आणि त्याच्या बाजूनं एक पुरावा होता. जुने पार्ट त्यानं याआधीही घातले होते आणि काही बिघडलं नव्हतं.

त्याचा हा पुरावाच मला खोटा वाटतो. काही बिघडलं नाही याचा अर्थ पार्ट चांगला होता असा होत नाही; समुद्र शांत होता, नांगर धरला, कुणी दोर टाकला, एवढाच होतो. समजा तीच बोट, तोच पार्ट, तोच मालक, फक्त त्या रात्री वारा उलटा असता आणि बोट खडकावर गेली असती, तर सगळा गाव त्याला खुनी म्हणाला असता. नांगर धरला म्हणून तो सज्जन ठरला. मालकानं दोन्ही वेळी केलेलं काम एकच. मग वाऱ्याच्या दिशेवर माणसाची नीती कशी ठरवायची? मला वाटतं, चूक रात्री पंधरा वावांत घडलीच नाही. ती आदल्या दिवशी धक्क्यावर पूर्ण झाली होती. नंतर जे झालं तो फक्त तिचा हिशेब, आणि तो कधी येतो, कधी येत नाही.

त्यातही पैसे एकाच्या खिशात वाचत होते आणि धोका सहा जणांच्या अंगावर होता. स्वतःच्या होडीत फाटकं शीड लावून जाणारा माणूस निदान स्वतःचा जीव लावतो. दुसऱ्याच्या जिवावर काटकसर करणं ही वेगळी गोष्ट आहे. कुणी म्हणेल, खलाशी राजीखुशीनं चढले होते. पण हंगामाआधी उचल घेतलेला खलाशी नाही म्हणू शकतो का? आमच्याकडच्या बोटींवर नेपाळहून आलेली पोरं असतात, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणारी. इंपेलर म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याची संमती कसली धरायची?

मोठा झाल्यावर मी काकांना विचारलं होतं, "तुम्हाला माहीत होतं, मग तुम्ही गेलात कशाला?"

"मी नाय म्हटलंय असता, तर दुसरो कोण गेलो असतो. तेका तर ह्या म्हायतसुद्धा नसता."

या उत्तरात मला मोठेपणा दिसतो आणि एक खोटही दिसते. काकांनी तांडेलाला सांगितलं होतं, इंजिन जपून हाकलं होतं. पण खलाशांना सांगितलं नव्हतं. ते त्यांना पुढं लागून राहिलं असावं. कारण त्या हंगामानंतर त्यांनी एक रीत पाडली. बोट सुटायच्या आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं ते बोलायचे, "ऑइल बरा हा. पट्टो जुनो हा, पण चलात. पंपाचो इंपेलर नवो." पुढच्या वर्षी एकदा त्यांनी असंच सांगितलं, की पंपातून गळतंय आणि सील बदललेलं नाही. एक नेपाळी पोरगा पिशवी उचलून बोटीवरून उतरला. त्याच्यामागं आणखी एक. बोट त्या दिवशी गेली नाही. सील कोल्हापूरहून एस.टी.नं दुसऱ्या दिवशी आलं. एक दिवस सगळ्यांचाच बुडाला आणि दोन खलाशी त्या रागानं महिनाभर काकांशी बोलले नाहीत. खरं बोलण्याला किंमत पडते ती अशी, आणि ती बऱ्याचदा गरिबालाच पडते. तरीही त्या दिवशी बोटीवर चढायचं की नाही हे त्या पोरांनी स्वतः ठरवलं होतं.

काका नास्तिक नव्हते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायला ते पहिले. मी एकदा थट्टेनं म्हटलं, नारळ दिल्यावर पट्टी कशाला बघता? ते म्हणाले, जे आपल्या हातात नाही ते दर्याच्या पायाशी ठेवायचं. पट्टी आपल्या हातात आहे, ती त्याच्यावर ढकलणं म्हणजे देवाला नोकर समजणं. त्यानंतर मी ती थट्टा केली नाही.

आता 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. या दिवसांत धक्क्याजवळच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडलेली दिसतात. बोटीवर मोबाइल आहे, जीपीएस आहे, मासे दाखवणारं यंत्र आहे. बाजारात एकाच पार्टचे तीन भाव आहेत, आणि डबे इतके सारखे की मुरलेला माणूसही फसावा. इंजिनाचं बिळ मात्र तसंच आहे, आणि आत वाकून बघणारं माणूसही लागतंच.

माझा चुलतभाऊ आता तेच काम करतो. त्याच्याकडं एक बरणी आहे, तिच्यात दोन नवे इंपेलर, गॅस्केट आणि पट्टा. रबराला तेलाचा हात लागू देत नाही. बसवताना साबणाचं पाणी लावतो. गेल्या वर्षी त्याच्या मालकानं विचारलं, दोन कशाला, एक पुरे. भाऊ म्हणाला, "एक बोटीचो, एक माझो." दुसऱ्याचे पैसे त्यानं स्वतःच्या खिशातून दिलेत. हे न्याय्य आहे असं मी म्हणणार नाही. तो इंपेलर मालकाच्या खर्चात यायला हवा होता. पण बोट सोडण्याआधी तो अजून मोठ्यानं सांगतो, आणि खलाशी दोर सोडायचं थांबून ऐकून घेतात.