दुसरी तक्रार

जानेवारीतल्या सकाळी मावशीच्या बंगळूरमधल्या बसवनगुडीच्या स्वयंपाकघरात लाल कोब्यावर अनवाणी पाय टेकवत नाही. ती मात्र मफलर गुंडाळून, रात्रभर भिजलेल्या पावट्यांच्या परातीत हात घालून बसली होती. दाणा चिमटीत धरून दाबला की साल बोटांत राहते आणि हिरवी डाळ टुणकन बाहेर पडते. कानडीत हिला हितकिद बेळे म्हणतात.

"संक्रांत झाली की मी रत्नागिरीला चालले. कायमची."

"थंडीपायी? अगं, पंधरा अंशांना थंडी म्हटलंस तर नागपूरकर हसतील."

"नागपूरकर हसले म्हणून माझी बोटं दुखायची थांबतात का?"

"१३ जानेवारी १८८४ला इथं पारा ७.८वर उतरला होता. तेव्हाही माणसं राहिलीच ना?"

"मी असते तर तेव्हाच गेले असते."

"नऊशे मीटर उंचीवरची ही हवा. तिच्यासाठीच इंग्रजांनी १८०९मध्ये श्रीरंगपट्टणची छावणी इथं हलवली."

"त्यांना या गारठ्यात घरची आठवण येत असेल. मला माझ्या घरची येते ती घामात." तिनं सालं बाजूला सारली. "व्यंकोजीराजेसुद्धा बंगळूर सोडून तंजावरला गेलेच की."

"त्यांना तिथं राज्य मिळालं. तुला तिथं कोण आहे?"

"ऊन आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी वकिली केली. "आणि इथं मुलगा, सून, नात? हवा तीच आहे, मावशी, तुझं अंग बदललं. अंग बदललं म्हणून गाव बदलायचं?"

"अंग बदलून देणारं दुकान दाखव, गाव नाही बदलत. मुलगा-सून आठला जातात, रात्री आठला येतात. दुखण्यापायी त्यांना सोडलं तर मी स्वार्थी. आणि इथं राहून रोज त्यांच्या कानाशी कण्हते, ते काय परोपकार?"

"मग थंडीपुरती जा. हवापालट म्हणून."

"म्हणजे दोन्हीकडे पाहुणी. बंद घराचं कुलूप काढण्यातच आठवडा जातो, आणि इथं परतावं तर माझ्या डब्यांच्या जागा बदललेल्या."

"मे महिन्यात घामाच्या नावानं शंख करशील."

"करीनच! तक्रार संपेल असं मी कुठं म्हटलं? चाळीस वर्षं एकच केली. आता मला दुसरी हवी."

मी हसलो, ती हसली नाही. मग मी शेवटचा पत्ता टाकला. "तिथं पावट्याला हा वास येईल? दव पडल्याशिवाय हा 'सोगडु' येत नाही म्हणतात इथले लोक."

मावशीनं बोटं नाकाशी नेली. बराच वेळ. पाण्यानं पांढरी पडून सुरकुतलेली बोटं.

मागच्या दारातून उन्हाचा हातभर पट्टा आत आला होता.

"परात तिकडे सरकव जरा," ती म्हणाली, आणि बसल्या बसल्याच तिच्यामागे सरकली.