पाटी आणि जबाबदारी

अमेरिकेत हौशी माणसाने घरी बांधलेले विमान उडविण्यास कायद्याची मुभा आहे. बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरून, फोमवर काचतंतूंचे थर चढवून घडविलेले ‘लाँग-ईझी’ हे असेच एक वेगवान, दोन आसनांचे विमान. ते नेहमीच्या विमानांच्या सुरक्षानियमांत बसत नाही, अशी पाटी प्रवाशाला दिसेल तेथे लावावी लागते.

पाटी लावली की बांधणाऱ्याची जबाबदारी संपते काय? इंधन बैठकीच्या जागेत येऊ नये, या सद्हेतूने एका बांधणाऱ्याने टाकी बदलण्याची कळ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसविली. ते विमान पुढे गायक जॉन डेन्व्हर यांनी विकत घेतले. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी ती कळ फिरविण्याच्या प्रयत्नात त्यांचा ताबा सुटला आणि मॉन्टेरे उपसागरात त्यांचा अंत झाला. चौकशीत त्यांच्या अपुऱ्या पूर्वतयारीबरोबरच कळीच्या अवघड जागेचीही नोंद झाली.

सरकारी नोकरीत आम्हीही शेरा मारून, सही करून मोकळे होत असू. आता वाटते, सूचना दुसऱ्याला सावध करते. आपल्याला मुक्त करीत नाही. स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार ज्याचा त्याला असेल. परंतु आपल्या हातची वस्तू उद्या कोण वापरील, हे आपणांस ठाऊक नसते. त्या अनोळखी माणसाचा विचार काम करतानाच व्हायला हवा.