वाकलेले हाड आणि प्रारब्ध

वरुडच्या संत्राबागांत हयात घालविलेल्या वृद्धेचे गुडघे संधिवाताने झिजलेले, त्यातून मांडीचे हाडही वक्र, अशा वेळी प्रारब्ध म्हणून तिने ते निमूट सोसावे काय, हा प्रश्न मला निव्वळ वैद्यकाचा वाटत नाही. खुबा, गुडघा व घोटा एका रेषेत यावेत म्हणून कृत्रिम गुडघा बसविताना शल्यविशारद सांध्यापाशीचे छेद त्या बाकाच्या हिशेबाने बेततो, बाक फारच असला तर हाड कापून सरळ करतो; यात दैवाचा अधिक्षेप कोणता? 2017 साली सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, ते मला धर्मकृत्यच वाटते. आत्मा अवक्र आहे, एवढे सांगून देहाची फिर्याद दप्तरदाखल करणाऱ्यांनी महाभारतातला अष्टावक्र आठवावा: पित्याच्या शापाने आठ ठिकाणी वाकलेल्या त्या ज्ञान्याला, जनकाच्या सभेतून विजयी परतल्यावर, त्याच पित्याने समंगा नदीत उतरावयास सांगितले, आणि त्याचे अवयव सरळ झाले.