दोषाचा वाटा

कालिदासाच्या शाकुंतलात, सहाव्या अंकाच्या आरंभी, राजमुद्रिका चोरल्याच्या संशयावरून हात बांधून आणलेला एक धीवर आपण जाळ्यागळांवर कुटुंब पोसतो असे सांगतो, तेव्हा नगररक्षकांचा अधिकारी त्याच्या या 'शुद्ध' धंद्याची थट्टा करतो. आणि तो दीन मनुष्य तशा अवस्थेतही उत्तर देतो की, जन्मप्राप्त कर्म निंद्य ठरले तरी टाकू नये, कारण यज्ञात पशू मारणारा श्रोत्रियही मनाने दयाळूच असतो. गीतेचा अठरावा अध्याय हेच सांगतो: अग्नीला धूर तसा प्रत्येक कर्माला दोष लागलेलाच आहे. या विचाराने कष्टकऱ्यांच्या पिढ्यांना धीर दिला, हे निःसंशय. परंतु कर्माचा दोष म्हणजे पाप एवढाच अर्थ आपण धरला, आणि तो दोष करणाऱ्याच्या हाडामांसातही साठत जातो, याकडे आपल्या धर्मचिंतनाने फारसे पाहिले नाही.

सातपाटीस किंवा हर्णैस होड्या लागण्याच्या वेळी खलाशांचे हात पाहावेत. दोर ओढून चिरलेल्या बोटांच्या भेगा खाऱ्या पाण्याने सदा ओल्या राहतात आणि भरून येत नाहीत. लाटांवरून उसळणारे ऊन आणि वारा यांमुळे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक मांसल पडदा वाढतो आणि वर्षानुवर्षे बुबुळाकडे सरकत राहतो. इंजिनाशेजारी रात्री काढणाऱ्याचे कान हळूहळू जातात. पण होडीवर सगळेच ओरडून बोलतात, म्हणून ते बहिरेपण पुष्कळ काळ कोणाच्या, त्याच्या स्वतःच्याही, ध्यानात येत नाही. शिंगाळा जाळ्यातून सोडवताना त्याचा करवतीसारखा विषारी काटा तळव्यात रुतला, तर हात सुजतो आणि वेदना असह्य होते. ते विष उष्णतेने निकामी होते, म्हणून सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्यास पुष्कळदा आराम पडतो. मात्र काट्याचा तुकडा आत राहिला तर जखम चिघळते, आणि तशाच हाताने तो मनुष्य पुन्हा समुद्रावर जातो, कारण जो गेला नाही त्याला वाटा मिळत नाही.

जीव मारतात, त्याचेच हे फळ, असे म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांतले काही मासे आवडीने खाणारेही आहेत. त्यांना त्यांच्याच परंपरेतून उत्तर देता येते. मनुस्मृतीची अनेक वचने आज कोणाही न्यायी मनुष्यास मान्य होणार नाहीत. पण तिच्या पाचव्या अध्यायात प्राणिवधाचा दोष अनुमती देणारा, मारणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा अशा सर्वांवर सारखाच ठेवला आहे. पाप जर इतक्या जणांत वाटले जाते, तर त्या कर्माची जखम एकट्या धीवराच्या नावे का लिहावी?

किनाऱ्यावरचा रिवाज तर मुळात वाट्याचाच आहे: होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा, खलाशाचा. दुर्दैव असे की, ठराविक पगार नाही म्हणून कायद्याच्या दप्तरात या माणसाला कामगार म्हणून जागा मिळणेच कठीण होते, आणि नुकसानभरपाईचा हक्क सांगावा तर कोणापुढे, हेच त्याला कळत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००७ साली मंजूर केलेल्या आणि २०१७ साली अमलात आलेल्या १८८ क्रमांकाच्या करारात वाट्यावर काम करणाऱ्यालाही स्पष्टपणे मच्छीमार म्हटले आहे, आणि होडीवर औषधे असावीत अशी तरतूदही आहे. भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही.

ज्याचे कर्म त्यानेच भोगावे, फळ दुसऱ्याच्या पदरी घालता येत नाही, असा शास्त्रीय आक्षेप यावर येईल, आणि वेदनेपुरता तो खराही आहे. माझ्या ताटात येणाऱ्या माशाचा काटा खलाशाच्या हातात रुतला, तर ती कळ मला घेता येणार नाही. परंतु उपचार वाटून घेण्यास कोणत्याही शास्त्राची आडकाठी नाही. बंदरावर धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा डोळ्यांची व कानांची तपासणी, जखमी हाताच्या दिवसांची भरपाई, एवढाच हा खर्च आहे. आणि बर्फ, डिझेल व दलाली ज्या भावात धरली जाते, त्या भावात तो का धरला जात नाही, याचे उत्तर मासे खाणाऱ्या आम्हा लोकांकडून यायला हवे.