पाणी गाळून झाल्यावर

आमच्या सासूबाई पाणी गाळायला बसल्या की घरातली पोरंबाळंसुद्धा हळू चालायची. दुपदरी जाड फडकं, खाली पितळी घागर, आणि धार पडत असताना मध्ये बोलायचं नाही. हे सगळं माझ्या माहेरीही होतंच. पण सासूबाईंचं खरं लक्ष असायचं गाळून झाल्यावर. फडकं उलटं करायचं, त्यावर गाळलेलंच पाणी ओतून अडकलेले जीव अलगद उतरवायचे आणि ती जिवाणी ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायची. वरून फेकायची नाही, आपटून जीव मरतात. भांडं दोरीनं पाण्यापर्यंत नेऊन तिथंच कलतं करायचं. पुढं राकसकोपचं पाणी नळाला आलं, विहीर बंद झाली, तेव्हा त्या दोन दिवस अस्वस्थ होत्या. "आता जिवाणी कुठं न्यायची गं?" म्हणायच्या. आम्ही हसलो होतो.

आता हसू येत नाही. पाणी गाळणं म्हणजे आपल्या घागरीपुरता शुद्धपणा, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. सासूबाईंच्या लेखी मात्र ते काम अर्धंच होतं. घरात काय आलं इतकंच घरातून काय गेलं, कुठं गेलं, कुणाच्या अंगावर गेलं, हेही त्या बघत होत्या.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा रजिस्टर घेऊन दारात आला. घराचं सांडपाणी ड्रेनेजला जोडलंय का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी म्हटलं, "जोडलंय की." त्यानं खूण केली, पाणी प्याला आणि गेला. मी खोटं बोलले नव्हते. संडास जोडलेला आहे. पण मागची खोली वाढवली तेव्हा मोरीला आणि वॉशिंग मशीनला ड्रेनेजपर्यंत उतार मिळेना. प्लंबर म्हणाला, "ताई, मागं पावसाळी गटार आहे, त्यात सोडतो." "सोडा," असं मीच म्हणाले होते. म्हणजे रजिस्टरात आमचं घर नियमात बसलं आणि साबणाचं पाणी रोज गटारातून नाल्याला जात राहिलं.

बेळगावात नाला म्हटलं की बळ्ळारी नालाच. दर पावसाळ्यात तो फुगतो आणि शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातल्या भातात शिरतो. बेळगावी बासमतीचं एवढं कौतुक आपण करतो, तो भात ज्या मातीत व्हायचा तीच ही जमीन. आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या मावशींचं शेत त्याच बाजूला आहे. लावणीच्या दिवसांत त्यांचे पाय बघवत नाहीत, बोटांच्या बेचक्यात कातडी सोललेली. एकदा मी हळद लावायला सांगितली तर म्हणाल्या, "हळदीनं काय होतंय वैनी? दिवसभर त्या पाण्यातच उभं राहायचं. ते पाणी तुमच्या गावाचंच की." रागानं नाही म्हणाल्या. मेथीची जुडी बांधता बांधता म्हणाल्या.

त्यानंतर मी मुलाकडून १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा मागवून वाचला. कायद्याची भाषा मला फारशी कळत नाही, पण दोन गोष्टी थांबवून गेल्या. एक म्हणजे 'प्रवाह' या शब्दाची व्याख्या. वाहता असो की सध्या कोरडा पडलेला असो, जलमार्ग तो जलमार्गच. उन्हाळ्यात सुकलेल्या नाल्यात आपण बिनदिक्कत कचरा टाकतो, कायदा मात्र त्याला तेव्हाही पाणीच समजतो. दुसरं कलम २४. घाण प्रवाहात जाऊ देणाऱ्यालाही ते धरतं, नुसत्या टाकणाऱ्याला नाही. थेट गेली काय, आडवळणानं गेली काय, फरक नाही. हे वाचताना मला कृत, कारित, अनुमोदना आठवलं. प्लंबरनं केलं, मी करवलं, घरातल्या सगळ्यांनी त्याला मान डोलावली. लहानपणी पाठशाळेत पाठ केलेले तीन शब्द आमच्या मागच्या मोरीत असे सापडतील असं वाटलं नव्हतं.

पण कायदा एक सवलत देतो. तो 'जाणूनबुजून' असं म्हणतो. आपल्या शास्त्रात ती पळवाट नाही. तिथं हिंसेचं मूळ प्रमादात, बेफिकिरीत आहे. ठाऊक नव्हतं म्हणणाऱ्याला शास्त्र विचारतं, जाणून का घेतलं नाहीस? मुनींच्या पाच समित्यांतली शेवटची उत्सर्ग समिती. मलमूत्र टाकायचं तर आधी जागा बघायची, तिथं जीव नाहीत ना याची खात्री करायची. ती आम्हा गृहस्थांना नाही, म्हणून आम्ही निवांत. आमच्याकडे बटण दाबलं की गेलं. कुठं गेलं हे विचारणं जरा असभ्यच वाटतं. पर्युषणात कांदा-बटाट्यावर आमच्या मंडळात तास तास चर्चा होते, मोरीच्या पाइपावर एकदाही झालेली मला आठवत नाही.

माझी भाची अमेरिकेतल्या एका लहानशा शहरात राहते. तिच्या रस्त्यावर गटाराच्या जाळीशेजारी मासा रंगवलाय, इथून जे जाईल ते नदीत जाईल म्हणून. तिच्याकडूनच कळलं की १९९९ साली तिथल्या सरकारनं पावसाच्या पाण्याचे नियम लहान शहरांनाही लावले. शहरांनी करायच्या सहा गोष्टी ठरवून दिल्या, त्यांत पावसाळी गटारात चोरून सोडलेले पाइप हुडकणं हीही एक. सहावीच्या नावात 'गुड हाउसकीपिंग' हे शब्द आहेत. मला गंमत वाटली. जे आम्ही जन्मभर करतो आणि ज्याची कुठं नोंद होत नाही, ते तिथं पालिकेला कायद्यानं करायला लावलंय!

चतुर्दशीला उपास धरून मी प्लंबरला परत बोलावलं. उतारासाठी मागच्या खोलीची निम्मी फरशी फोडावी लागली. हे दोन दिवस नीट बोलले नाहीत, खर्चही अंदाजाच्या दुप्पट झाला. पण पाइप ड्रेनेजच्या चेंबरला गेला आणि गटाराकडचं तोंड सिमेंटनं बुजवलं. मावशींना हे सांगताना माझ्या आवाजात थोडी फुशारकी असावी. त्या म्हणाल्या, "बरं केलासा वैनी." मग टोपली डोक्यावर घेता घेता, "आणि बाकीच्यांचं?"

गल्लीच्या गटारात भर उन्हाळ्यातही साबणाचा फेस वाहतो. आमचं तोंड बुजवल्यावरही तो थांबलेला नाही. कुणाकुणाच्या मोरीतून येतो ते मला ठाऊक आहे. त्यांतल्या दोघी रोज सकाळी माझ्याबरोबर बस्तीत येतात. वाटेत आम्ही पुष्कळ बोलतो. हे मात्र अजून बोलले नाही.